पाइनहर्स्टचें गोल्फ-मैदान : माती, गवत व पाणी

डोंगरपायथ्याची, धरणाच्या कडेची किंवा मोठ्या शहरापासून दोन-तीन तासांच्या वाटेवरची जमीन ज्यांच्या नांवावर आहे, अशा खातेदारांकडे विश्रामस्थळें काढणारे लोक वरचेवर येत असतात. त्यांनीं आणलेल्या नकाशांत बंगले असतात, एखादा तलाव असतो, आणि कांहीं नकाशांत गोल्फचें एक मैदानही हिरव्या रंगानें रंगविलेलें असतें. बंगला म्हणजे काय हें आपणांस समजतें, तलावही समजतो. परंतु गोल्फचें मैदान म्हणजे किती जमीन, कसली माती, किती पाणी, आणि त्यांत चांगलें कोणतें व वाईट कोणतें, हें बहुधा कोणासच सांगतां येत नाहीं. जमीन विकणारास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु जमीन विकली तरी शेजारची विहीर आपलीच राहते, ओढाही आपल्याच शिवारांतून वाहतो. आणि जेथें जमीन भाडेपट्ट्यानें दिली जाते तेथें तर पट्ट्याची मुदत संपल्यावर ती ज्या स्थितींत परत येईल त्या स्थितींत आपल्याच मुलांस कसावयाची असते. म्हणून हें मैदान कसें रचितात आणि तें पाहुण्यास खेळण्याजोगें कशानें होतें, हें शेतकऱ्याच्या दृष्टीनें एकवार पाहणें जरूर आहे. त्याकरितां आम्हीं अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना राज्यांतल्या पाइनहर्स्ट या विश्रामस्थळाचें दुसऱ्या क्रमांकाचें मैदान निवडिलें आहे. त्याची सगळी हकीकत माती, गवत आणि पाणी यांचीच असल्यामुळें आपणांस ती चटकन् समजण्यासारखी आहे.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. आपल्याकडील मुलें गोट्या खेळतांना जमिनींत जशी गल करितात, तशीच सव्वाचार इंच व्यासाची एक गल दूरवर केलेली असते. लहानसा कठीण चेंडू काठीनें मारीत मारीत कमींत कमी टोल्यांत तिच्यांत घालावयाचा, इतकाच हा खेळ. अशा अठरा गली एका मैदानांत असतात. पहिला टोला जेथून मारावयाचा त्या सपाट ओट्यास टी, तेथून पुढें गवत बारीक कापलेल्या लांबट पट्टीस फेअरवे, आणि गलीभोंवतींच्या गालिच्यासारख्या तुकड्यास ग्रीन म्हणतात. वाटेंत व ग्रीनच्या कडेला वाळूचे खड्डे असतात, ते बंकर. कसलेल्या खेळाडूस किती टोले पुरावे याचा जो आंकडा ठरलेला असतो त्यास पार म्हणतात. अठरा गलींच्या मैदानास साधारणपणें दीडशें एकर जमीन लागते. ग्रीन मात्र एकेक पांच-साडेपांच गुंठ्यांचेंच असतें, आणि सगळा खर्च व सगळी काळजी त्या साडेपांच गुंठ्यांपाशीं एकवटलेली असते.

पाइनहर्स्टच्या मुलुखास सँडहिल्स, म्हणजे वाळूच्या टेकड्या, असेंच नांव आहे. समुद्र आज तेथून बराच दूर असला तरी पूर्वयुगांतील समुद्रानें टाकलेली खोल वाळू तेथें राहून गेली आहे. तिच्यावर लांब सुयांच्या पाइन वृक्षांचें अरण्य होतें, आणि झाडांखालीं तारेसारख्या ताठ व बारीक पात्यांचें एक रानगवत झुबक्या-झुबक्यांनीं उगवत असे. लोकांनीं प्रथम त्या झाडांस खांचा पाडून चीक काढिला व त्याचें टर्पेंटाइन केलें, मग लांकूड तोडून नेलें. शेवटीं उघडी वाळू तेवढी उरली. आम्ही ज्या दप्तरांत आयुष्य घालविलें तेथील भाषेंत सांगावयाचें तर तो सगळा पोटखराबा होता. १८९५ सालीं जेम्स वॉकर टफ्ट्स नांवाच्या बॉस्टनकडील व्यापाऱ्यानें ही जमीन एकरीं सुमारें एक ते सव्वा डॉलर इतक्या अल्प भावानें, साडेपांच हजार एकरांहून अधिक, विकत घेतली. सोडावॉटरचीं यंत्रें करून त्यानें पैसा मिळविला होता. उत्तरेकडील कडक थंडीस कंटाळलेल्या मंडळींनीं हिवाळ्यांत येऊन हवापालट करावी, असा त्याचा बेत होता. गोल्फ त्याच्या मनांतही नव्हतें. गांवाच्या दूध-पुरवठ्यासाठीं त्यानें गाई पाळल्या होत्या. त्यांच्या कुरणांत कांहीं पाहुणे काठ्यांनीं पांढरे चेंडू मारतात व गाई बिथरतात, अशी तक्रार १८९७ च्या सुमारास त्याच्याकडे गेली, असें सांगतात. गाईंची तक्रार मिटविण्यासाठीं म्हणा किंवा पाहुण्यांची हौस पुरविण्यासाठीं म्हणा, १८९८ सालीं तेथें नऊ गलींचें पहिलें मैदान झालें.

१९०० सालीं टफ्ट्सनें डोनाल्ड रॉस नांवाच्या एका स्कॉच तरुणास नोकरीस ठेविलें. हा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील डॉर्नोक गांवचा, जन्म १८७२ चा. त्यानें सुतारकाम शिकलें होतें, आणि मैदान राखण्याचें कामही तो जाणत होता. त्याच्या गांवचें मैदान समुद्राच्या वाळूवर वसलेलें. तेथें उंचवटे व खळगे वाऱ्यानें घडविलेले, गवत मेंढ्यांनीं चरून बारीक केलेलें. कॅरोलिनाची वाळू पाहतांच त्याला आपला गांव आठवला असल्यास नवल नाहीं. दुसऱ्या क्रमांकाचें मैदान १९०७ सालीं अठरा गलींचें पुरें झालें, आणि १९४८ सालीं मरेपर्यंत तो त्यांत कांहीं ना कांहीं सुधारणा करीतच राहिला. त्याचें घर तिसऱ्या ग्रीनच्या पलीकडेच होतें. अमेरिकेंत त्यानें सुमारें चारशें मैदानें आंखिलीं, पैकीं कांहीं तर नुसत्या नकाशावरून. पण हें मैदान त्याच्या खिडकींतून दिसत असे. धन्याचें घर शेतावर असलें म्हणजे शेताची तऱ्हाच निराळी असते, हें आम्हीं पुष्कळ गांवीं पाहिलें आहे.

माती हलविण्याचें काम त्या काळीं खेचरांकडून, आपल्याकडील केणीसारख्या ओढावयाच्या पत्र्यांनीं होत असे. त्यामुळें डोंगर फोडून तळें करावयाचें आणि तळें बुजवून डोंगर करावयाचा, हा आजचा थाट शक्यच नव्हता. जमिनीचा मूळचा उतार जसा होता तसाच ठेवून त्यावर वाट बसविली गेली. पहिलीं पंचवीस-तीस वर्षें तेथील ग्रीनवर गवतही नव्हतें! वाळूंत थोडी चिकणमाती मिसळून, खळें चोपतात तशी ती सपाट चोपीत, आणि खेळून झाल्यावर नोकर एक जाजम ओढून पावलांच्या खुणा मोडून टाकी. १९३५ च्या सुमारास तेथें गवताचीं ग्रीन झालीं, आणि तेव्हांच रॉसला त्यांना हवा तो आकार देतां आला.

आतां मैदानाची रचना. कोणतेंही विश्रामस्थळ पाहुण्यांवर चालतें, आणि शंभरांतले नव्वद पाहुणे बेताचेच खेळणारे असतात. कोणी पन्नाशी उलटलेला व्यापारी, कोणी त्याची पत्नी, कोणी प्रथमच काठी हातीं धरलेला जांवई. अशांस दाट झाडींत व तळ्यांत दर दहा मिनिटांनीं चेंडू हरवावा लागला, तर ते दुसऱ्या वर्षीं येत नाहींत. उलट, मैदान नुसतें सपाट व सोपें केलें तर कसलेला खेळाडू तिकडे फिरकत नाहीं, आणि तो न फिरकला म्हणजे मैदानाचें नांव होत नाहीं. एकाच जमिनींत या दोघांची सोय करणें हीच खरी कारागिरी होय.

रॉसनें ती कशी केली? पहिली गोष्ट म्हणजे फेअरवे रुंद ठेविले. ज्यास नुसतें पुढें पोंचावयाचें आहे त्याची वाट दोन्ही बाजूंनीं मोकळी. परंतु गल ग्रीनच्या डाव्या अंगास असेल तर उजव्या कडेनें आलेल्यास ती सरळ समोर सांपडते, आणि मधून आलेल्यास बंकर आडवा येतो. म्हणजे रुंदी सर्वांस सारखी, पण तिच्यांतला कामाचा पट्टा अरुंद. तो शोधण्याचें ओझें फक्त टोला वांचवूं पाहणाऱ्या हुशार खेळाडूवर पडतें. दुसरी गोष्ट, पुष्कळशा ग्रीनचा पुढचा दरवाजा उघडा ठेविला. ज्याच्या हातांत चेंडू उंच उडवून नेमका टाकण्याचें बळ नाहीं, त्यानें तो जमिनीवरून घरंगळत न्यावा. तिसरी गोष्ट, पाणी. अठरा गलींत मिळून एकच तळें आहे, सोळाव्या गलीच्या टीपुढें. तेंही बहुतेकांच्या वाटेंत येत नाहीं. त्यामुळें सकाळीं खिशांत घातलेला चेंडू पाहुणा संध्याकाळीं त्याच खिशांतून घरीं नेऊं शकतो, असें या मैदानाविषयीं कौतुकानें म्हणतात.

मग कसलेल्या खेळाडूस अडचण कोठें? ती ग्रीनवर. पाइनहर्स्टचीं ग्रीन उपड्या परातीसारखीं आहेत : मध्यें फुगीर, कडांस उतरतीं. दिसण्यांत साडेपांच गुंठे, पण चेंडू ठरेल अशी जागा त्याच्या निम्मीच. मध्यावर नेमका न पडलेला चेंडू हळूहळू कडेकडे सरकतो आणि खालच्या बारीक गवताच्या खोलगटींत जाऊन बसतो. तेथून वर कसें यावें याचे तीन-चार मार्ग असतात : उचलून टाकावा, उतारावर आपटून चढवावा, किंवा ग्रीनवरच्याच काठीनें सरळ ढकलावा. साधा पाहुणा शेवटचा मार्ग घेतो आणि फार तर एक टोला जास्त मोजतो. निष्णात खेळाडू कोणता घ्यावा या विचारांतच घोटाळतो. प्रतिवर्षीं ग्रीनवर वाळूचा पातळ थर पसरण्याची चाल असते. रॉसच्या मागें पन्नास-साठ वर्षें थरावर थर चढून हा फुगवटा त्याच्या मूळ बेताहून वाढला, असें पुष्कळ जाणकारांचें मत आहे. शेतांत दर साल गाळ भरून बांध बुडतो, त्यांतलाच हा प्रकार.

या सर्व रचनेचा पाया एकच : जमीन कठीण, कोरडी आणि निचऱ्याची असली पाहिजे. चेंडू घरंगळला तरच उघड्या दरवाजाचा उपयोग, आणि घरंगळला तरच फुगीर ग्रीनची शिक्षा. जमीन ओली व मऊ ठेविली कीं चेंडू पडेल तेथेंच रुततो. मग ज्याच्या मनगटांत जोर आहे त्यानें दूरवर उंच मारावें आणि जिंकावें; अशक्तास धांवेचा जो फायदा मिळत होता तो नाहींसा होतो. पाणी वाढविलें म्हणजे दुबळ्याचें नुकसान आणि बळकटाची सोय, ही गोष्ट प्रथम ऐकतांना विपरीत वाटते. परंतु मैदान पाहिलेला कोणीही तें नाकारणार नाहीं.

आणि झालें तेंच. १९७० सालीं टफ्ट्स घराण्यानें ही मिळकत विकली. पुढील कालांत, सगळें मैदान एका रंगाचें हिरवें दिसलें पाहिजे, ही जी आवड दूरचित्रवाणीबरोबर अमेरिकेंत पसरली होती, ती येथेंही आली. फेअरवेच्या दोन्ही अंगांस जेथें उघडी वाळू व तारेसारखें रानगवत होतें तेथें लागवडीचें गवत पसरविण्यांत आलें, त्यास खत व पाणी सुरू झालें, आणि रुंद फेअरवे दाट गवताच्या दोन भिंतींमध्यें आंखडले. पाहुण्याचा चेंडू आतां वाळूंत दिसण्याऐवजीं घोट्याएवढ्या गवतांत गडप होऊं लागला. मोठ्या स्पर्धा तेथें होतच होत्या. १९९९ सालीं पेन स्टुअर्टनें आणि २००५ सालीं मायकल कॅम्पबेलनें अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा याच मैदानावर जिंकिली. परंतु रॉसचें मैदान तें हेंच काय, अशी कुजबूज जुन्या मंडळींत चालूंच राहिली.

अखेर मालकांनीं २०१० सालीं बिल कूर व बेन क्रेन्शॉ या दोघां रचनाकारांस बोलावून मैदान पूर्वस्थितीवर आणण्याचें काम दिलें. जुनी हद्द सांपडावी कशी, हा पहिला प्रश्न. आमच्यासारख्यास त्यांत विशेष गोडी वाटते, कारण तो मोजणीचाच प्रश्न आहे. त्यांस दोन पुरावे मिळाले. एक, १९४३ सालीं सैन्याच्या विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें. त्यांत वाळू कोठें व गवत कोठें हें स्पष्ट दिसत होतें. दुसरा पुरावा जमिनीखालींच होता. जुन्या काळीं प्रत्येक फेअरवेच्या बरोबर मध्यांतून पाण्याचा एकच नळ टाकलेला असे. तो नळ शोधून काढतांच रॉसच्या फेअरवेची मध्यरेषा हातीं आली. आणि त्या नळांतून पाणी दोन्ही बाजूंस जेथवर उडे तेथवर गवत हिरवें, त्यापलीकडे आपोआप विरळ, मग वाळू, मग रानगवत, ही जुनी रुंदीही निश्चित झाली. माणसानें रेघ मारून ठरविलेली ती कड नव्हती. पाण्याच्या पल्ल्यानें ठरविलेली होती.

त्यांनीं सुमारें पस्तीस एकर लागवडीचें गवत खरवडून काढिलें. तुषार-तोट्या सुमारें साडेअकराशें होत्या, त्या साडेचारशेंवर आणिल्या आणि मधला नळच पुन्हां मुख्य केला. उघड्या पडलेल्या वाळूंत रानगवताचीं रोपें लाखांनीं लाविलीं. उंच गवताच्या भिंती काढून टाकून ग्रीनचें एक आणि बाकी सगळ्यांचें एक, अशा दोनच उंचींवर गवत कापावयाचें ठरविलें. याचा हिशेब आपल्या भाषेंत करूं. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें एक लाख तीन हजार लिटर. पस्तीस एकरांस आठवड्याचें एक इंच पाणी द्यावयाचें वांचलें, असें धरिलें तर दर आठवड्यास छत्तीस लाख लिटर पाणी वांचतें. शिवाय खत, कापणी आणि मजुरी वांचली ती निराळीच.

खेळावर काय परिणाम झाला? २०१४ च्या जून महिन्यांत पुरुषांची व स्त्रियांची अशा दोन्ही राष्ट्रीय खुल्या स्पर्धा लागोपाठच्या दोन आठवड्यांत याच मैदानावर घेतल्या गेल्या. असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें. पुरुषांसाठीं मैदानाची लांबी सुमारें साडेसात हजार वार, स्त्रियांसाठीं सुमारें सहा हजार सहाशें वार. टी पुढें-मागें केले, बाकी सर्व तेंच. पुरुषांत मार्टिन कायमर पारपेक्षां नऊ टोले कमी घेऊन जिंकला, आणि पारच्या आंत आलेले एकूण तिघेच. स्त्रियांत मिशेल वी दोन टोले कमी घेऊन जिंकली, आणि पारच्या आंत ती एकटीच. त्याच मैदानावर पुढें साधे पाहुणे पुढच्या टीवरून पुनः खेळूं लागले. कडांचें गवत तपकिरी पडलेलें पाहून दूरचित्रवाणीपुढें बसलेल्या कित्येकांनीं नांवें ठेविलीं, हेंही सांगितलें पाहिजे. वैशाखांत पिंवळें पडलेलें रान पाहण्याची ज्यांस संवय आहे त्यांस त्यांत कांहीं वावगें वाटलें नसतें. २०२४ सालीं तीच स्पर्धा तेथें पुन्हां झाली, आणि ब्रायसन डीशँबोनें शेवटच्या गलीवर दूरच्या बंकरांतून चेंडू गलीजवळ टाकून ती जिंकिली.

आतां गवताची गोष्ट. तिच्यांत आपल्या वाचकांस हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानावर जें गवत लाविलें आहे, ज्यास अमेरिकन लोक बर्म्यूडा म्हणतात, ती आपली हरळी होय. ज्या हरळीच्या काशा उपटतांना आपल्या तीन पिढ्यांचे हात सोलले, तीच तेथें पैसे देऊन लावितात. ग्रीनवर पूर्वीं थंड हवेंतलें बेंट नांवाचें गवत होतें. उन्हाळ्यांत तें सांभाळतां सांभाळतां माळी जेरीस येत. २०१४ च्या स्पर्धांनंतर तें काढून तेथेंही हरळीचीच अगदीं ठेंगणी जात लाविली. खेळाच्या मैदानांवरच्या हरळीच्या पुष्कळशा जाती जॉर्जिया राज्यांतील टिफ्टन येथें ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानें तयार केल्या. आफ्रिकेंतील एका बारीक पात्याच्या जातीशीं साध्या हरळीचा संकर करून त्यानें असें गवत काढिलें कीं, ज्यास बींच धरत नाहीं. लागण करावयाची ती कांड्यांनींच. याच गृहस्थानें टिफ्टन येथें बाजरीचाही एक वांझ-नर वाण तयार केला होता. तो वाण हिंदुस्थानांत आणून लुधियाना येथें त्यापासून आपली पहिली संकरित बाजरी, एच. बी. १, काढण्यांत आली. ती १९६५ सालीं शेतकऱ्यांस मिळाली. पुढें गोसावी रोगानें त्या बाजरीची काय दशा केली, तें नगर-नाशिककडील वाचकांस सांगावयास नको. तात्पर्य, ज्या हातांनीं गोल्फची हिरवळ सुधारली त्याच हातांचा वाण आपल्याही शेतांत येऊन गेला आहे.

आतां आपल्या जमिनीकडे वळूं. पाइनहर्स्टचा सगळा लाभ वाळूचा आहे, हें विसरतां कामा नये. तेथें वर्षाकांठीं पंचेचाळीस ते पन्नास इंच पाऊस पडतो, पण तो बाराही महिन्यांत वांटलेला, आणि पडला कीं खालीं जिरतो. आपल्याकडे काळ्या जमिनींत पावसाचें पाणी साचतें, माती फुगते, उन्हाळ्यांत तिलाच हातभर भेगा जातात. अशा जमिनीवर ग्रीन करावयाचें तर मूळ मातीवर करतांच येत नाहीं. अमेरिकन गोल्फ संस्थेनें १९६० सालीं जी पद्धत प्रथम प्रसिद्ध केली तिच्याप्रमाणें खालीं निचऱ्याचे नळ, त्यावर चार इंच खडी आणि त्यावर बारा इंच वाळूचें मिश्रण घालावें लागतें. सहा हजार चौरस फुटांच्या एका ग्रीनला म्हणजे साठ ब्रास वाळू व वीस ब्रास खडी. अठरा ग्रीनची वाळू हजार-ऐंशी ब्रास. ही वाळू कोणत्या नदींतून येणार, हा प्रश्न नकाशावर लिहिलेला नसतो. मुरमाड माळावर निचरा बरा असतो खरा. परंतु दोन फुटांवर खडक लागला तर सुरुंग आले, आणि सुरुंगानें शेजारच्या विहिरीचे झरे फिरण्याचा धोका असतो.

पाण्याचा हिशेब असाच. दीडशें एकरांपैकीं ऐंशी एकरच भिजवावयाचे धरिले, आणि कोरड्या दिवसांत आठवड्यास एक इंच पाणी धरिलें, तरी आठवड्यास सुमारें ब्याऐंशीं लाख लिटर लागतात. दहा हजार लिटरच्या टँकरनें मोजलें तर आठशें वीस टँकर. एकरीं हिशेबानें ऊंस याहून अधिक पाणी पितो, हें आम्ही मान्य करितों, आणि उसाच्या मालकानें गोल्फवाल्यास नांवें ठेवूं नयेत हेंही खरें. परंतु पाणी संपलें तर उसाचा मालक एखादें साल ऊंस लावीत नाहीं. ग्रीन एक उन्हाळा सुकलें तर सगळा धंदाच बसतो. म्हणून चैत्र-वैशाखांत, गांवच्या विहिरी तळास गेल्यावर, तेथील बोअर अधिक खोल जाणार हें धरूनच चालावें. हरळीस सांडपाणी शुद्ध करून दिलें तरी चालतें, आणि पुष्कळ देशांत तसें देतात. करारांत ही अट घालून घेणें अशक्य नाहीं.

तेव्हां असा नकाशा कोणी पुढें ठेविला, तर प्रथम हिरव्या रंगाचें क्षेत्र एकरांत विचारावें; आणि त्यांतील भिजणारें किती व कोरडें रान म्हणून राखणार किती, हें निराळें लिहून मागावें. सगळेंच भिजणार असें उत्तर आलें तर समजावें कीं, रचनाकारानें जमीन पाहिलेली नाहीं. नकाशांत तळीं किती आहेत तेंही पाहावें. खेळासाठीं त्यांची गरज अठरांत एकाची सुद्धां नाहीं, हें पाइनहर्स्टवरून दिसतच आहे. पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं असतील तर गोष्ट निराळी, पण मग त्यांची खोली व सांडवा दाखविलेला असला पाहिजे. खालच्या ओढ्यांत खताचें पाणी कोठें उतरणार, तें विचारावें. भाडेपट्टा असेल तर वरची एक फूट सुपीक माती खरवडून कोठें रचून ठेवणार, आणि मुदतीअंतीं ती परत कोण पसरणार, हें कलम स्वतंत्र असावें.

हद्दीच्या दगडांविषयीं तर आम्ही आग्रहानें सांगूं. मैदानाची माती हलविण्यास यंत्रें एकदां लागलीं कीं बांध, दगड, जुनीं झाडें, सारें एका आठवड्यांत सपाट होतें, आणि मग चार भाऊबंदांचे गट जमिनीवर ओळखूं येत नाहींत. पाइनहर्स्टास जुनी रेघ जमिनींतल्या एका नळानें परत मिळाली; आपल्याकडे तसा नळ कोणीं पुरून ठेविलेला नसतो. म्हणून यंत्र शेतांत शिरण्यापूर्वीं सरकारी मोजणी करून घ्यावी, नकाशाची खरी प्रत घरांत ठेवावी, आणि जे दगड हलवावे लागतील त्यांचीं अंतरें कायम खुणांपासून मोजून पंचांच्या सहीनें लिहून ठेवावीं.

आणि एक परीक्षा प्रत्येकास फुकट करतां येते. ज्या जागीं ग्रीन दाखविलें असेल तेथें ज्येष्ठांत, पाऊस लागण्यापूर्वीं, कंबरभर खोल व हातभर रुंद खड्डा घ्यावा. मातीचे थर डोळ्यांनीं पाहावे, आणि संध्याकाळीं तो पाण्यानें कांठोकांठ भरावा. भेगाळलेली जमीन पहिलें पाणी नुसतें पिऊन टाकिते, म्हणून दुसऱ्या संध्याकाळीं तो पुन्हां भरावा. तिसऱ्या सकाळीं खड्डा कोरडा असेल तर जागा बरी. पाणी तसेंच उभें असेल, तर वर सांगितलेल्या हजार-ऐंशी ब्रास वाळूचा हिशेब समोरच्या माणसास तेथेंच, खड्ड्याच्या कांठावर उभें करून विचारावा.